तंबूतला दिवा आणि माझा खोकला

कामिशिहोरो
२० जानेवारी

प्रिय तोकुजी,

पंचांगात आजपासून महाशीत लागलं. देवळाच्या वळचणीला बर्फाचे सुळे लोंबताहेत, म्हणजे पंचांगवाले यंदा तरी खरं बोलले. तुझं, कियोमीवहिनींचं आणि दुकानातल्या टायरांचं कुशल असेल. माझं ठीक आहे. आपल्या दोन घरांच्या मध्ये एक दारूचं दुकान आणि एक पोस्ट ऑफिस, तरीही हे टपालाने पाठवतोय. तू प्रश्न टपालाने विचारलास, तेव्हा उत्तरही त्याच वाटेने यावं.

नवीन वर्षाच्या कार्डावर, उधळलेल्या घोड्याच्या पोटाखाली तू लिहिलंस: 'यंदा निशिओकांच्या तंबूत बसणार आहे. तिथे न्यायला दिवा कुठला घ्यावा? तुला त्यातलं कळतं.' गोठलेल्या तळ्यावर वीस हिवाळे तुझ्याबरोबर एका तंबूत मासे धरत बसलेल्या माणसाला ही बातमी घोड्याच्या पोटाखालून कळवावी, हे तुलाच सुचू शकतं. असो. तर दिवा.

गॅसबत्ती नको. ऊब देते, फुसफुसून सोबतही करते, पण बंद तंबूतली हवा गुपचूप संपवते. आतल्यांना गोड झोप लागते आणि मग घरचे मला अंत्यविधीला बोलावतात. तुझं मी करीन. निशिओका बाहेरगावचे, त्यांचा पंथ कोणता इथपासून चौकशी करावी लागेल.

वर टांगायचा पांढरा शुभ्र दिवाही नको. बर्फावरून उलटून थेट डोळ्यांत जातो, आणि माणसं शवागारात बसल्यासारखी दिसतात. शिवाय तंबूचं कापड पातळ. उजाडण्यापूर्वी आतल्यांच्या सावल्या अख्ख्या तळ्याला दिसतात. गेल्या आठवड्यात मी बर्फात माझं भोक पाडत होतो, तर समोर निशिओकांचा तो नारिंगी तंबू कंदिलासारखा पेटलेला. आत दोन सावल्या. त्यांतली एक मान मागे टाकून हसत होती. तुझी हसायची तऱ्हा मला पाठ आहे. जन्मभर बँकेत काढलेला माणूस एवढं विनोदी काय बोलत असेल, याचा मी विचार करत राहिलो. तेवढ्यात माझ्या भोकावर पुन्हा बर्फाची साय धरली.

तेव्हा सल्ला असा: डोक्याला बांधायचा दिवा घे. एक तुला, एक त्यांना. हलका असतो, हात मोकळे राहतात. फक्त समोरासमोर बसलेल्या दोघांनी तो बांधला, की बोलायला वर बघितलं रे बघितलं समोरच्याचे डोळे दिपतात. मग दोघंही मुकाट खाली मान घालून आपापल्या भोकात बघतात. मासेमारीला फार पोषक.

इथवर लिहून मी चहा टाकायला उठलो. परत येऊन वाचलं, तर सल्ला देणाऱ्याची जात कळली. क्योतोच्या मठशाळेत आमच्या गुरूंनी दोन संस्कृत शब्द घोकून घेतले होते. दुसऱ्याचं भलं बघवत नाही ती ईर्ष्या; आपल्याजवळचं हातून सुटत नाही ते मात्सर्य. दोन्ही एकाच तंबूत, एकाच क्रेटवर बसतात, हे मात्र त्यांनी सांगितलं नव्हतं. वरचा मजकूर खोडणार होतो, पण राहू दे. 'मासे मारायचे आणि वर त्यांच्यासाठी सूत्रंही म्हणायची, दोन्हीकडून चंगळ आहे बुवा तुझी,' असं तू मला नेहमी म्हणतोस. तुला आणखी एक मुद्दा मिळाला.

निशिओका त्याच दिवशी माझ्याकडे येऊन गेले. तंबूच्या दारातून वाकून म्हणाले, "गुरुजी, एकटेच का? आमच्याकडे या. जागा आहे."

म्हटलं, "जागा माझ्याकडेही आहे."

माणूस सज्जन निघाला, हसला. त्याचाही मला राग आला. मग म्हणाले, "तोकुजीसान गप्पांत फार रंगतात हो. मासा येतो, गळाच्या काडीचं टोक हलतं, निघूनही जातो. यांना पत्ताच नाही."

मी त्यांच्या गप्पांच्या कौतुकात हरवलेला, म्हणून लगेच ध्यानात आलं नाही. ते गेल्यावर आलं.

तोकुजी, तू गप्पांत रंगत नाहीस. तुला टोक दिसत नाही.

गेल्या दोन हिवाळ्यांपासून मला माहीत आहे. चहा ओतताना तू कपाच्या कडेला बोट लावून बघतोस. डावीकडून कुणी आलं तर दचकतोस. तुझ्या वडिलांचं असंच सुरू झालं होतं. शेवटी नटबोल्ट हाताने चाचपून ते टायर बदलायचे, ते आपण दोघांनी पाहिलंय. म्हणूनच तू घरात बोलला नाहीस आणि म्हणूनच मीही तुझ्यापाशी विषय काढला नाही. त्याऐवजी मी खोकलो.

माझ्या घशाला काहीही झालेलं नाही. तुझ्या काडीचं टोक हललं, की मी खोकायचो. तू मान वळवून विचारायचास, "मेलास का रे?" आणि मान परत फिरताना तुझा धड डोळा काडीवर पडायचा. मग तू ओढायचास, मासा वर यायचा, आणि तू मला शिकवायचास की ध्यान तुझ्यासारखं लावावं. बादली भरायची. वहिनी माझ्या घशासाठी आल्याचा पाक पाठवायच्या. तो मी आवडीने खाल्ला, त्याबद्दल दोघांचे आभार.

त्या तंबूत कुणी खोकणार नाही. म्हणून गेला आठवडाभर मी तू बसायचास त्या बिअरच्या क्रेटवर बसून, डावा डोळा हाताने झाकून, एकेक दिवा लावून पाहिला. त्यातला जो चालला तो यासोबत पाठवतोय. उजेड पिवळसर आहे, डोळ्यांत घुसत नाही. तो टांगू नकोस. खाली बर्फावर, काडीच्या जवळ ठेव, म्हणजे टोकाची सावली समोरच्या कापडावर हातभर लांब पडते. मासा नुसता हुंगून गेला तरी सावली नाचते. टोकाकडे बघूच नकोस, सावलीकडे बघ. बॅटरी गारठून मान टाकते, तेव्हा तळ्यावर पोचेपर्यंत ती कोटाच्या आत पोटाशी धर.

आणि ओबिहिरोला डोळ्यांचे डॉक्टर आहेत. वडिलांच्या वेळी उशीर झाला होता, तुझ्या वेळी झालेला नसेल. वहिनींना तू सांग. या महिनाअखेरीपर्यंत सांगितलं नाहीस, तर पाकाची रिकामी बरणी परत करायला मी येणारच आहे. तुझ्याबरोबर यायला मी मोकळा आहे. निशिओकांकडे चांगली गाडी आहे, तिने गेलास तरी चालेल. हे वाक्य लिहायला मला बाकीच्या पत्राएवढा वेळ लागला.

दिवा कुठे ठेवायचा ते त्यांना नीट दाखव. खोकायला मात्र शिकवू नकोस. तेवढं मात्सर्य माझ्यापाशी राहू दे.

तुझी क्रेट आपल्या तंबूतच आहे. तिच्यावर मी सामान ठेवत नाही.

घसा ठणठणीत असलेला,
तुझा
एन्जुन