बाबांचा पाय, जलमार्गाने

४ नोव्हेंबर, सकाळी ६
बाबांना बसने सहा तासांत नेता येतं, तर बोटीने सहा दिवस का नेतेस, असं आईने निघताना विचारलं. उत्तर इथेच, विचार करून लिहीन.

तूर्त मुद्दे. बाबांच्या डाव्या तळव्याला जखम आहे, साखरेमुळे भरत नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, पाय वाचवायचा तर दहा दिवसांच्या आत मोठ्या हॉस्पिटलात न्या. म्हणजे चार दिवस शिल्लकच राहतात. बसमध्ये पाय लोंबता राहतो, हादरे बसतात. बोटीत आडवं पडून जाता येतं. शिवाय बोट बाबांची स्वतःची. चाळीस वर्षं तिच्यातून कौलं वाहिली. समुद्राच्या कडेने तीन दिवस, नदीतून दोन, कालव्यातून एक. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये मी हाच मार्ग मांडला होता. आमच्या घरात इतका अभ्यास करून आजवर कोणी काहीच केलेलं नाही.

बाबा बसची तिकिटं काढून आले होते. मी नकाशा उलगडला तेव्हा त्यांनी नकाशाऐवजी माझ्या तोंडाकडे पाहिलं. मग म्हणाले, बरं बाई, तू म्हणशील तसं. मनापासून पटलं त्यांना.

त्याच दिवशी, दुपारी
सुकाणूवर काका. बाबांनी आतून ओरडून सांगितलं की वाळूची पोती तरी टाका रे, रिकामी बोट पाण्यावर उंच बसते. मी समजावलं की जादा वजन म्हणजे जादा डिझेल. काका म्हणाले, ऐकलंस ना दादा, तुझी बोट आता डाएटवर आहे.

संकल्प: दिवसातून दोनदा ड्रेसिंग. रोज निरीक्षण लिहायचं.

६ नोव्हेंबर
वारा समोरून. काल दिवसभर खाडीत नांगर टाकून बसलो. वेळापत्रकात वाऱ्याचा रकाना नव्हता. आज आखला.

ड्रेसिंग एकदाच. बोट फार हलत होती. बाबा म्हणतात, पाय आता अजिबात दुखत नाही. उत्तम लक्षण.

७ नोव्हेंबर
काका हल्ली बाहेर डेकवर झोपतात. मोकळी हवा बरी वाटते म्हणे. चहा द्यायला आत येतात तेव्हा नाकाला रुमाल असतो. सर्दी असावी.

९ नोव्हेंबर, संध्याकाळी
नदीच्या मुखाशी ओहोटीने दीड दिवस खाल्ला. आता नदीत आहोत. पाणी शांत, मनही शांत.

आईचा फोन. पाय कसा आहे? मी म्हटलं, स्थिर. ती म्हणाली, स्थिर म्हणजे काय गं? बातम्या देतेस का मला? रंग सांग. रंग सांगितला नाही. आत उजेड कमी असतो.

११ नोव्हेंबर
कालवा! आणि पूल.

पुलाखाली तीन मीटर जागा आहे. बोटीची पाण्यावरची उंची मी मागच्या वर्षी स्वतः टेपने मोजली होती: दोन मीटर ऐंशी. तेव्हा बोटीत कौलं भरलेली होती. आज ती रिकामी आहे. टप, म्हणजे बोटीचं छत, पुलाच्या खालच्या कडेपेक्षा वीतभर वर येतं.

काका पुलाकडे बघून ओरडले, जरा वर सरका साहेब, ग्रॅज्युएट आल्यात. मी हसले नाही. बाबांनी मात्र एकदाही म्हटलं नाही की मी सांगितलं होतं. म्हणजे चूक तेवढी मोठी नसावी.

१२ नोव्हेंबर
दोन मजूर लावून दिवसभर काठावरची वाळू पोत्यांत भरली, पोती बोटीत रचली. बोट खाली बसली ती गाळातच. ढकलायला माणसं कमी पडली. मागे वळून बघते तो बाबा पाण्यात, गुडघाभर, बोटीला खांदा लावून. काकांनी शिवी हासडली. बाबा म्हणाले, माझी बोट आहे, मला शिकवू नकोस.

पूल पार झाला. ड्रेसिंग सुटून वाहून गेलं. निरीक्षण: बाबा आठ दिवसांनी स्वतःच्या पायांवर उभे राहिले.

१३ नोव्हेंबर
ताप. बाबा सकाळपासून कौलं मोजताहेत. दोनशेपर्यंत येतात आणि पुन्हा एकपासून.

कालव्याचे दरवाजे बंद. पाणी परवा सोडणार. गेटवाला नोंद करायला आला, बोटीत डोकावला आणि तसाच मागे फिरला. बाहेर येऊन म्हणाला, ताई, शिकलेल्या दिसता तुम्ही. हे काय चालवलंय? मी मार्गाचे फायदे सांगायला लागले. तो ऐकायला थांबलाच नाही. भावाचा टेम्पो बोलावला. कालव्याला लागूनच रस्ता आहे, थेट हॉस्पिटलपर्यंत. माझ्या नकाशात तो होता. मी फक्त निळं पाहत आले.

टेम्पोने चाळीस मिनिटं लागली.

वाटेत बाबांचं डोकं माझ्या मांडीवर होतं. मध्येच ओळखीचे डोळे करून म्हणाले, रडू नकोस बाई, मला तशी बस लागतेच. बस त्यांना कधीच लागत नाही. आईच्या निघतानाच्या प्रश्नाचं उत्तरही शेवटी त्यांनीच शोधून दिलं, आणि तेही खोटं.

१४ नोव्हेंबर, दुपारी १
सर्जन सकाळी आले, म्हणाले: घोट्याखाली काही उरलेलं नाही, विष वर चढतंय. आज पाय गुडघ्याखाली कापला तर माणूस हाती लागेल. उद्याचं ते सांगू शकत नाहीत.

बाबा शुद्धीवर नव्हते. काका म्हणाले, वहिनीला विचारू, तुझ्या मामांना येऊ दे, चार माणसं बसून संध्याकाळपर्यंत ठरवू. एवढी घाई कशाला, पाय काय परत उगवणार आहे का?

मी कोणाला विचारलं नाही. कागदावर मुद्दे काढले नाहीत. साडेअकराला ऑपरेशनच्या संमतीपत्रावर सही केली. बाराला त्यांना आत नेलं.