गाणे संपल्यावरही फाईल बंद करू नये

मी, उर्सुला सॅन्टन तुस्कानो, वय वर्षे एकाहत्तर, शाळेच्या ग्रंथालयातून निवृत्त, राहणार गिरीज, तालुका वसई, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. शरीर संपत आले असले तरी माझे डोके जागेवर आहे, आणि कान तर डोक्याहूनही जागेवर आहेत. डॉ. सुरुची यांनी दोन्ही तपासून दिलेला दाखला सोबत जोडला आहे. हे लिहिताना माझ्यावर कोणाचा दबाव नाही. दबाव टाकू शकणारी माणसे मधल्या दाराच्या पलीकडेच राहतात, पण त्यांची माझी बोलाचाल जवळजवळ बंद आहे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही. असे काही कोणी दाखवलेच तर ते खोटे समजावे.

मृत्युपत्राची अंमलबजावणी माझी शाळेच्या कार्यालयातली सहकारी विनिता हिने करावी. ती कोणाच्या भिडेला बळी पडत नाही. मीसुद्धा तिच्याकडून एक सुट्टी जास्तीची घेऊ शकले नव्हते.

१. मला माझ्या नवऱ्याच्या, सॅन्टनच्या, शेजारी पुरावे. बँड नको. मिस्सा साधी व्हावी आणि प्रवचनात माझे गुणगान नको, कारण फादर नवीन आहेत आणि त्यांना मी ठाऊक नाही. माझा आवाज वाजवावा असे कोणाच्या मनात आले तर तो मिळणार नाही. सॅन्टन लग्नांची गाणी टेप करायचा आणि यंत्राचे बटण माझ्या हाती असायचे. बटण दाबणाऱ्याने तोंड मिटून बसायचे, हा आमचा नियम होता.

२. आमच्या सामाईक घरातला पूर्वेकडचा अर्धा भाग, पडवी, आणि वाडीतली केळींची पट्टी विहिरीसकट माझ्या बहिणीचा मुलगा स्टीवन याला द्यावी. तो वालीवला साच्यांच्या कारखान्यात कामाला आहे आणि भाड्याच्या खोलीत राहतो. अट एकच. पडवीलगतच्या खोलीत माझा कॉम्प्युटर आहे तसाच राहावा, आणि दर रविवारी मिस्सेनंतर ती खोली येणाऱ्यासाठी उघडी असावी. मधल्या दाराच्या पलीकडच्या अर्ध्या भागात राहणारे माझे मोठे दीर प्लासिड यांनी हा अर्धा भाग विकत मागितल्यास देऊ नये. त्यांना तो घर म्हणून नको आहे. त्यांना बिल्डरला देण्यासाठी चौकोन पुरा करायचा आहे.

३. औषधपाणी आणि दफनाचा खर्च जाऊन बँकेत जे उरेल ते वटारच्या जासिंता फुर्ट्याडो हिला द्यावे. ती गेले वर्षभर दुपारच्या उन्हात रिक्षाने माझ्याकडे येते आणि भाड्याचे पैसे घेत नाही. आता तरी घेशील, जासिंता. मी नसताना भांडायचे कोणाशी?

४. सॅन्टनचा टेपरेकॉर्डर, दोन माईक आणि त्यांच्या वायरी स्टीवनने ठेवाव्यात. टेपरेकॉर्डर आता चालत नाही. तो भंगारात द्यायचा नाही एवढेच.

५. आता मुख्य गोष्ट.

सॅन्टनने एक्क्याऐंशी सालापासून आपल्या भागातल्या लग्नांची गाणी टेप केली. लग्नाच्या आदल्या रात्री मांडवात बायका बसायच्या. एकीने ओळ टाकायची, दुसरीने ती झेलायची, मग बाकीच्यांनी उचलायची. कॅसेटची एक प्रत लग्नघरी जायची, एक आमच्याकडे राहायची. सॅन्टन गेल्यावर मी त्या सगळ्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. नंतर पुराच्या पाण्यात कॅसेटींना बुरशी लागली आणि त्या टाकून द्याव्या लागल्या, म्हणजे आता जे आहे ते कॉम्प्युटरवरच आहे.

सॅन्टनची मांडणी लग्नाप्रमाणे होती. एक लग्न म्हणजे एक अल्बम. पण प्रत्येक गाण्याच्या फाईलमागे एक चिठ्ठी असते, टॅग म्हणतात तिला, आणि तिच्यात अल्बमबरोबर कलाकाराचा रकाना असतो. आयुष्यभर मी पुस्तके लेखकाच्या नावाने लावली. तो रकाना रिकामा बघून मला झोप येईना. मी प्रत्येक गाणे ऐकून ओळ टाकणारीचे आणि झेलणारीचे नाव त्यात घातले. अमक्याची बायको, तमक्याची आई असे नाही. बाईचे स्वतःचे नाव. काही बायकांचे नाव त्यांच्या घरच्यांनाच विचारले तर घरचे एकमेकांकडे बघायचे.

त्याचा उपयोग कोणी मुद्दाम ठरवला नव्हता. एकदा शेजारची एक बाई वारली आणि तिच्या मुलाने विचारले, आईचा आवाज आहे का हो तुमच्याकडे? मी नाव शोधले आणि वेगवेगळ्या लग्नांतली तिची सगळी गाणी एकाखाली एक आली. तेव्हापासून आमच्याकडे रीतच पडली. घरातली बाई गेली की महिन्याच्या मिस्सेआधी माणसे पेनड्राईव्ह घेऊन माझ्या पडवीत येतात. कोणाला मी रिकाम्या हाताने परत पाठवले नाही.

आता सँड्राचे लिहिते. जासिंताची एकुलती मुलगी सँड्रा ही प्लासिड यांच्या मुलाची, टोनीची, पहिली बायको. अठ्ठ्याण्णव साली ती या घरात आली आणि आठ महिन्यांनी घरामागच्या बावखलात, म्हणजे आमच्या पायऱ्यांच्या तळ्यात, सापडली. पाय घसरला, असे कागदावर आहे. त्या दिवशी मी शाळेत होते, आणि जे पाहिले नाही ते मृत्युपत्रात लिहिता येत नाही. जे पाहिले तेवढे लिहिते. त्या बावखलाच्या पायऱ्या मी तीस वर्षे उतरले, आणि पाय घसरला तर माणूस तिथे कमरेएवढ्या पाण्यात बसतो. आणि ऐकले ते असे, की लग्नाआधी जिच्याशिवाय वटारमधला एकही मांडव रंगत नव्हता, तिचा आवाज या घरात आठ महिन्यांत एकदाही आला नाही. मी मधल्या दाराच्या अलीकडेच होते. दार ठोठावले असते तर, हा विचार मी रोज करते.

टोनीने दुसरे लग्न केले आणि तो आखातात गेला. सँड्राचा फोटो उतरला आणि त्यांच्याकडची लग्नाची कॅसेटही गेली. प्लासिड यांनी सगळ्यांदेखत सांगितले, "तिचं नाव या घरात नको." पंचवीस वर्षे आम्ही ते पाळले. मग टोनीच्या मुलीच्या सोयरिकीची बोलणी सुरू झाली आणि तो रजेवर घरी आला. जुनी गोष्ट निघायला नको म्हणून गेल्याच्या गेल्या नाताळात, मी इस्पितळात असताना, टोनीने मधले दार उघडून माझ्या कॉम्प्युटरमधून आपल्या पहिल्या लग्नाचा अल्बम कायमचा पुसला. दुसऱ्या डिस्कवरची प्रतही पुसली, कारण दोन्ही डिस्क एकाच खणात ठेवण्याइतकी मी भोळी होते.

घरी आल्यावर मला कळले. माझा संताप आवरेना, आणि मी पडवीत उभी राहून बापलेकांना हसले. म्हटले, अरे, नवरी स्वतःच्या लग्नात गाते का कधी? नवरीने मांडवात तोंड उघडायचे नसते, तिच्यासाठी बाकीच्यांनी गायचे असते, एवढी आपली रीतही विसरलात? सँड्रा त्या अल्बममध्ये नव्हतीच. ती दुसऱ्यांच्या लग्नांत आहे.

मग त्याच रात्री शहाणपण सुचून मी तिच्या गाण्यांवरचे नाव बदलून जासिंताचे केले. पुढच्या वेळी मी इस्पितळात गेले तेव्हा टोनीने सँड्रा हे नाव शोधले. मिळाले नाही. मग तो गाणी ऐकत बसला. नंतर त्यानेच मला सांगितले, मान खाली घालून सांगितले, "तासभर ऐकलं, काकी. सगळ्या सारख्याच वाटतात." आठ महिने जिच्याशी संसार केला तिचा आवाज त्याला ओळखता आला नाही, म्हणून त्याने सगळ्यांचीच नावे पुसली. दोन्ही डिस्कवर सगळे निवडले आणि रकाने रिकामे केले. कलाकार, अल्बम, साल, काही ठेवले नाही. गाणी आहेत, पण कोण गाते ते नाही. एक नाव झाकायला त्याने सगळे गाव निनावी केले.

पोलिसांत जा, असे विनिता म्हणाली. पोलीस नावे परत आणून देणार होते का? ते आवाज ओळखणारी आता मी एकटी उरले होते, आणि डॉक्टरांनी मला किती दिवस आहेत ते सांगितले होते. मी पहिल्या फाईलपासून ऐकायला बसले.

उपवासकाळात एका दुपारी जासिंता दारात आली. सँड्राच्या दफनानंतर ती या अंगणात आली नव्हती. ती म्हणाली, "इतकी वरसं मला तिचा आवाज नको होता. सोसला नसता. आता मी पन म्हातारी झाले. आता दे." मला तिला सांगावे लागले की सँड्रा यातच आहे, पण कुठे आहे ते आता कळत नाही.  तिने चप्पल काढली आणि माझ्या बाजूला खुर्ची ओढून बसली. तेव्हापासून ती रोज येते. वटारच्या बायकांचे आवाज ती ओळखते, गिरीजच्या मी. औषधामुळे माझा डोळा लागला तर ती फाईल थांबवून ठेवते.

पावसाळा संपता संपता एक गाणे लागले. पहिली ओळ मोठ्या बाईची होती. दुसरी ओळ कोणीतरी झेलली आणि जासिंताने माझा हात धरला. रडली नाही. गाणे संपेपर्यंत तिने हात सोडला नाही. नंतर म्हणाली, "लिव." मी विचारले, आडनाव कोणते लिहू? आमचे तुस्कानो की तुमचे? ती म्हणाली, "तुमचं कशाला? तुमच्याकडे ती गायली कवा?" मी सँड्रा फुर्ट्याडो असे लिहिले.

अजून काही फाईली निनावी आहेत. त्या माझ्याने होणार नाहीत. हा सगळा संग्रह मी जासिंता आणि स्टीवन यांना मिळून देते. त्यांनी उरलेले आवाज गावातल्या म्हाताऱ्यांना ऐकवावेत आणि नाव पक्के झाल्यावरच लिहावे. अज्ञात हा शब्द त्या रकान्यात कोणी लिहू नये. कळले नाही तर रकाना रिकामा ठेवावा, म्हणजे शोधणाऱ्याला लाज वाटत राहील. संग्रहाच्या प्रती आता तीन ठिकाणी आहेत. कुठे ते विनिताला माहीत आहे.

६. माझे मोठे दीर प्लासिड बस्त्याव तुस्कानो यांना पुढील गोष्ट द्यावी.

गेल्या महिन्यात ते स्वतः मधल्या दाराशी आले. त्यांचे वय पंच्याऐंशी आहे आणि दिसत जवळजवळ नाही. म्हणाले, आईचा आवाज हवा आहे, मरायच्या आधी एकदा ऐकायचा आहे. माझ्या सासूबाई, रेजिना बस्त्याव तुस्कानो, मोठ्या गाणाऱ्या होत्या. पण म्हातारपणी त्या बाहेरच्या मांडवात बसत नसत. त्या भरभरून गायल्या त्या एकाच लग्नात, आपल्या नातवाच्या, टोनीच्या. तोच अल्बम बापलेकांनी पुसला. मी हे प्लासिड यांना सांगितले तेव्हा ते चौकट चाचपत आपल्या बाजूला परत गेले. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही.

सासूबाईंचे एकच गाणे उरले आहे. शहाण्णव सालच्या, शेजारच्या लग्नातले. जासिंताने माझा हात धरला ते हेच. ओळ सासूबाई टाकतात आणि सँड्रा ती झेलते. दोन आवाज एकमेकांत असे गेलेले आहेत की ते वेगळे करता येत नाहीत. स्टीवनने एका जाणकाराला विचारून पाहिले आहे. आईचा आवाज ऐकायचा तर तो सँड्राच्या आवाजासकटच ऐकावा लागेल.

हे गाणे प्लासिड यांना द्यावे. कोणतीही अट नाही. कलाकाराच्या रकान्यात दोन्ही नावे आहेत. ती पुसायची असली तर टोनीने खुशाल पुसावीत, पण एक विनंती आहे. गाणे संपल्यावरही फाईल बंद करू नये. बाकीच्या गाण्यांच्या शेवटची गडबड मी कापून टाकत असे. इथे मी कापलेली नाही.

गाणे थांबते. बायका हसतात. कोणीतरी पेला खाली ठेवते. मग सासूबाई विचारतात, "ही कोनाची पोर गं?"

"मी सँड्रा. वटारच्या जासिंताची."

"आमच्या घरी येशील?"

ती हसते. त्यानंतर बटण बंद केल्याचा आवाज येतो. तो माझा आहे.

वरील मजकूर मी पुन्हा वाचून पाहिला. त्यात बदल करण्यासारखे काही नाही. दोन्ही साक्षीदारांसमोर सही करते. या दोघांना माझ्याकडून काहीही मिळणार नाही, हे त्यांना सांगितले आहे आणि तरीही ते आले आहेत.

सही : उर्सुला सॅन्टन तुस्कानो

साक्षीदार :
१) डॉ. सुरुची सामंत, राहणार वसई पश्चिम
२) कृष्णा वर्तक, निवृत्त शिपाई, राहणार वटार

ठिकाण : पडवीलगतची खोली, गिरीज, वसई
दिनांक : १७ फेब्रुवारी २०२५