अक्का, ती चौकशी मी आता केली

प्रिय अक्का,

परवा गुरुवारी पुण्यात माझ्या पापण्यांचं ऑपरेशन आहे. त्याआधी तुला एक उत्तर द्यायचं राहिलंय, म्हणून हे पत्र.

तुझ्या शैलाच्या लग्नाआधी तू राजूरहून मुद्दाम माझ्याकडे संगमनेरला आलीस. उतरलेली पापणी बोटाने वर धरून म्हणालीस, "एवढं कातडं काढतात म्हणे. तू शिकलेली, डॉक्टरांना विचार. लेकीच्या लग्नात तरी मी जागी दिसू दे." तुझी सासू आल्यागेल्याला सांगायची, "आमची सून उभ्यानंच झोपती." तू हसायचीस. मला वाटायचं, तुला लागत नाही.

पंधरा दिवसांनी मी कळवलं, डॉक्टर नको म्हणतात, दृष्टी जाईल.

अक्का, मी कुणालाच विचारलं नव्हतं. मुख्याध्यापिकेने बहिणीच्या दिसण्याची चौकशी करत दवाखान्यात बसायचं, याची मला लाज वाटली. पण तू तरी दुसऱ्या कुणाला का विचारलं नाहीस? माझ्या शब्दावर इतकं विसंबायचं कशाला? मांडवात दिवसभर भुवया ताणून उभी राहिलीस. दोन वर्षांत गेलीसही.

आता माझ्याही पापण्या उतरल्या. शाळेचा शिपाई रोज विचारतो, "बाई, झोप न्हाई का झाली?" शेवटी डॉक्टर गाठले. मला नीट दिसतं, हे फक्त चांगलं दिसण्यासाठी आहे, असं आधीच सांगून टाकलं. ते हसले नाहीत.

त्यांनी सांगितलं ते असं. इंजेक्शन देऊन पापणी बधिर करतात. आपण जाग्याच असतो. घडीच्या रेषेत कापून जास्तीचं कातडं काढतात आणि बारीक टाके घालतात. ते चार-पाच दिवसांत निघतात. डोळे सुजतात, भोवती काळंनिळं होतं. ओसरायला पंधरवडा लागतो. गार पाण्याच्या घड्या ठेवायच्या, उशी उंच घ्यायची, वाकायचं नाही, घागर उचलायची नाही. सुरुवातीला डोळे कोरडे पडतात, पुरते मिटत नाहीत. व्रण घडीत लपतो. दृष्टी जाण्याचा धोका? आहे, पण फार क्वचित. कातडं जास्त निघालं तर डोळा मिटत नाही, म्हणून बेतानेच काढतात. तरुण कुणी होत नाही, जागं दिसतं, इतकंच.

तुला तरी दुसरं काय हवं होतं?

सोबतीला शैला आली आहे. काल म्हणाली, "मावशी, आईला डॉक्टर नाही म्हणाले होते ना? मग तुला कसे हो म्हणाले?"

"शास्त्र पुढे गेलंय आता," मी म्हटलं. अशी थाप मारणाऱ्या मुलीला मी वर्गात उभं केलं असतं.

"आईच्या नशिबात नव्हतं," ती म्हणाली आणि माझी बॅग भरू लागली.

उद्या सकाळी पुण्याची एसटी आहे. गाडीत बसण्याआधी मी तिला खरं सांगेन. ते ऐकून ती आपल्या घरी परत गेली, तर मी तिला थांबवणार नाही. एकटी जाईन.

तुझी धाकटी बहीण,
कुसुम