गळ्यातली बाटली

१७ एप्रिल

चौथी बाटलीही गेली!

हे आज लाकूच्या – नावा अडवून सोडायच्या कालव्याच्या दरवाजांच्या – पायरीवर सापडले. साडेअकराचं ऊन. बत्तीस वर्षं तिथे यांनी ते दरवाजे उघडले, मिटले. आता दरवाजे गंजलेत. नावा बंद होऊनही वर्षं झाली, आणि उन्हाळ्यात कालवा कोरडा. तरी हे रोज सकाळी सहाला निघतात. ‘नावा खोळंबल्या असतील.’

नारळवाल्या सत्तिराजूने रिक्षात घालून आणलं. ओठ फुटलेले, डोळे वर. डॉक्टर म्हणाले – दुसरं काही नाही, पाणी. उन्हात जातील तिथे पाणी जवळ हवं.

म्हणजे मी बाटली देत नाही की काय! रोज भरून देते. हातात घेऊन जातात, रिकाम्या हातांनी येतात.

‘कुठे ठेवलीत?’

‘कोणती बाटली?’

१८ एप्रिल

सूरिबाबूचा हैदराबादहून फोन. ‘अम्मा, दाराला बाहेरून कुलूप लाव.’ आणि वर – ‘पुन्हा असं झालं तर जूनमध्ये येतो आणि नान्नांना इकडे घेऊन येतो.’

मुलगा वाईट नाही. पण सातवा मजला. तिथे हे सकाळी सहाला कुठे जातील?

१९ एप्रिल

हातात राहत नाही तर गळ्यात अडकवावी. साधी गोष्ट, आधी सुचली कशी नाही? बाजारातली पिशवी आणून पाहिली. टोचते म्हणून यांनी काढून टाकली. सुती हवी, मऊ. मीच विणेन. पस्तीस वर्षं क्रोशाची सुई हातात आहे!

२० एप्रिल

बसले, आणि कळलं – मला येत नाही.

मी फुलं करते. आठ पाकळ्यांची. लग्न होऊन आले तेव्हा सासूबाईंनी तेवढीच शिकवली. आमच्या नरसापूरकडे असंच – एका घरात फुलं, दुसऱ्या घरात कड, तिसऱ्या घरात जोड. एजंट येतो, फुलं पिशवीत भरून नेतो. पुढे त्यांचा पडदा होतो की टेबलावरचं कापड, मी कधी पाहिलं नाही. एकही वस्तू सुरुवातीपासून शेवटापर्यंत मी केलेली नाही.

जोड वदिनाची. वदिना म्हणजे यांची थोरली बहीण. गावाच्या त्या टोकाला राहते. माझी फुलं तिच्याच मांडीवर जात असणार. अकरा वर्षं आम्ही बोलत नाही.

२३ एप्रिल

जाड दोरा घेतला. बूड करायला बसले. सहा टाके, बारा, अठरा. हात आपला वाढवतच जातो. थांबायचं त्याला ठाऊक नाही. दुपारी पाहिलं तर ताटाएवढं झालेलं. बाटली त्यावर ठेवली. आसनच!

हे बराच वेळ बघत होते. ‘छान झालंय. कोण बसणार?’

हसू आलं. मग रडू.

२४ एप्रिल

उसवलं. पुन्हा घातलं.

२७ एप्रिल

वदिना आली!

‘भाऊ मरता मरता वाचतो आणि मला दहा दिवसांनी नारळवाल्याकडून कळतं?’ – उंबऱ्यातूनच. मी पाणी दिलं. ती काही क्षण तांब्याकडे पाहत राहिली. मग प्यायली. मग बसली.

‘अक्का, जेवलीस?’ हे तिला म्हणाले. तिला लगेच ओळखलं. परवा मला विचारत होते – स्वयंपाकघरात कोण आहे?

तिचं लक्ष माझ्या मांडीकडे. ‘हे काय, पोळपाट?’

‘बाटलीसाठी आहे. गळ्यात अडकवायला.’

‘मग वाढवतेस कशाला? बूड बाटलीएवढं झालं की थांबायचं. पुढे एका टाक्यात एकच. आपोआप वर चढतं.’

‘एवढंच?’

‘एवढंच. फुलं करणाऱ्यांना ते कसं कळणार? एक सुईवरून उतरवलं, की दुसरं सुरू. जोडायचं आम्ही.’

सासूबाईंच्या दिवसांना, सगळ्या पाहुण्यांपुढे ती नेमकं हेच बोलली होती. फुलांबद्दल नव्हे, घराबद्दल – जोडणं हिला कळत नाही म्हणून. तेव्हापासून अबोला. आज तेच शब्द ऐकले, आणि काही वाटलं नाही. टाक्यांपुरतं तर खरंच होतं.

जाताना म्हणाली, ‘परवा येते. सुई जरा सैल धर.’

२९ एप्रिल

थांबले. एकात एक. एकात एक. तिसऱ्या फेरीला कड उभी राहिली!

३ मे

पिशवी झाली. बाटली आत बसते. जाळी विरळ ठेवली, वारा लागावा म्हणून. गळ्याशी एक फूल लावलं – राहवलं नाही.

पट्टा मात्र फसला. लांब साखळी घातली. मापताना बाटली रिकामी होती, ते लक्षातच आलं नाही. भरली आणि पट्टा ताणत ताणत गुडघ्यापर्यंत! वदिना पदर तोंडाला लावून हसली. ‘फुलांना कधी वजन पेलावं लागलंय? चार टाक्यांची पट्टी घाल, मुके खांब – बुटके, दाट टाके. घट्ट.’

७ मे

पट्टी झाली. हे मापाला उभे राहत नाहीत, म्हणून माझ्याच खांद्यावरून कमरेपर्यंत मापली. वदिनाने दोन्ही टोकं जोडली. जोड कुठे आहे ते शोधून सापडत नाही. तिची बोटं पहिल्यांदाच इतक्या जवळून पाहिली. तर्जनीला माझ्यासारखीच खाच.

पट्टी तिने माझ्या खांद्यावर लावून पाहिली. ‘हे तुझं माप आहे, मंगा. त्याला आखूड होईल.’

‘चालेल.’

९ मे

पहिला दिवस. पिशवी काखेत आली, तरी काढली नाही. ‘टोचत नाही,’ म्हणाले. सहाला गेले. मी दारातून पाहत होते – बाटली कमरेच्या वर झुलत होती.

बारा वाजता परतले. गळा मोकळा!

बाटली नाही. पिशवी नाही. पट्टी नाही. ओठांवर कोरडी पांढरी साल.

मी ओरडले. उभ्या आयुष्यात यांच्यावर ओरडले नव्हते. ‘कुठे टाकलीत? सांगा! कुठे?’

हे भिंतीला टेकले. ‘रागावू नका अम्मा. मी विचारून सांगतो.’

अम्मा. मला.

चार पेले पाणी पाजलं. मग भात न खाताच झोपले. सूरिबाबूचा फोन वाजत राहिला. उचलला नाही.

११ मे

दारात एक बाई. बदकं चारणारी. कापणी झालेल्या शेतांत त्यांचा तळ असतो. काळीभोर, हातात लांब वेताची काठी. आणि गळ्यात माझी पिशवी! फुलासकट.

‘अम्मा, ही तुमच्या घरची का? नारळवाल्याने घर दाखवलं.’

‘तुला कुठे सापडली?’

‘सापडली? चोर वाटले का मी? लाकूवरच्या बाबूंनी स्वतःच्या गळ्यातून काढून माझ्या गळ्यात घातली. मी नको नको म्हणत होते. म्हणाले, ऊन फार आहे, पाण्याशिवाय पुढे जायचं नाही. एवढं सुंदर काम – ठेवून घ्यायला मन होईना.’

‘आणि आधीच्या बाटल्या?’

‘एक माझ्या सुनेकडे आहे. एक ताडगोळेवाल्याकडे. बाकीच्या… कुणी ना कुणी जात असतंच की रस्त्याने.’ मग हळूच, ‘बाबू स्वतः पीत नाहीत. मी म्हटलं, तुम्ही घ्या आधी. तर म्हणतात, सगळ्या नावा गेल्यावर.’

तिला बसवून ताक दिलं. बाटली तिलाच ठेवायला सांगितली. पिशवी मात्र घेतली.

नोकरीत असताना हे उन्हाळ्यात लाकूवर रांजण ठेवायचे. कालवा बंद झाला तरी रस्ता चालू असायचा. ओझेवाले, बैलगाडीवाले, सगळ्यांना ओगराळ्याने पाणी ओतायचे. मी हे ऐकलेलं. पाहिलेलं नाही. लाकू घरापासून दहा मिनिटांवर. आमच्या घरच्या बायका कालव्यावर जात नाहीत. घरात बसून लेस विणायची, यातच अब्रू. पस्तीस वर्षांत मी ते दरवाजे पाहिले नाहीत.

१२ मे

वदिनाला सगळं सांगितलं. आधी खूप हसली. मग म्हणाली –

‘तो विसरत नाहीये, मंगा. कामावर आहे.’

‘आणखी एक विणते. दोन विणते. एक द्यायला, एक प्यायला.’

‘दहा विण. दहाही देईल.’

‘मग काय करू? कुलूप लावू?’

तिने खुंटीवरची पिशवी काढली आणि माझ्या खांद्यावर घातली. पट्टी नीट केली. बरोबर कमरेवर आली. ‘माप कुणाचं, ते मी त्या दिवशीच सांगितलं होतं.’

‘वेड्या का तुम्ही? मी? कालव्यावर? लोक काय म्हणतील?’

‘अकरा वर्षं मी तुला काय काय म्हटलं. मेलीस?’

१४ मे

सहाला हे निघाले. चप्पल घालून मीही दारात. समोरच्या ओसरीवर तिघी भाजी निवडत बसलेल्या. तिथूनच परत फिरले.

बाराला हे आले. सकाळी दिलेली नवी बाटलीही गेलेली. ओठ पुन्हा फुटलेले.

१५ मे

गेले. तिघींपैकी एकीने विचारलं, ‘कुठे गं?’ – ‘यांच्या कामावर,’ म्हटलं. हे पुढे, मी दहा पावलं मागे.

दरवाजे किती उंच आहेत! कुणीच सांगितलं नव्हतं.

ऊन चढेपर्यंत मी लांबच बसून राहिले. मग पायरीशी गेले, तेव्हा हे वळले. ‘एवढ्या उन्हात कुठे निघालात अम्मा? बसा.’ माझ्याच खांद्यावरची बाटली काढली, झाकण उघडलं. ‘ओंजळ धरा.’ धरली. भरपूर ओतलं.

‘आता तुम्ही घ्या.’

‘नावा गेल्यावर.’

‘गेल्या सगळ्या,’ मी म्हटलं. ‘शेवटची आत्ताच गेली.’

यांनी कोरड्या कालव्याकडे दूरपर्यंत पाहिलं. मग बाटली तोंडाला लावली.