सभासद वगैरे

गेतमाल,
४ मार्च १९९६

चि. तेग्यू यास,
मालसूनताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. गुडघे सोडले तर मी धडधाकट आहे.

फोन केला की तुझ्या ऑफिसातली पोरगी सांगते, साहेब मीटिंगमध्ये आहेत. रोज मीटिंग? मग काम कधी करता? म्हणून हे पत्र. चौथीपर्यंतचं अक्षर आहे, हसू नकोस.

सरकार खाजणाचा नवा नियम करतंय. पुढे ओहोटीला तिथल्या चिखलातून तिसऱ्या-शिंपल्या काढायच्या त्या फक्त मच्छीमार संस्थेच्या सभासदांनी आणि त्यांच्या बायकांनी. सभासद कोण, तर पुरुष. म्हणजे नवरा जिवंत तोवर ओहोटी तुझी, तो मेला की तुझी ओहोटीही मेली. गावात आम्ही बाराजणी विधवा आहोत. तीस वर्षं त्या चिखलावरून तिसऱ्यांची टोपली ठेवलेली फळी ढकलली मी, आणि आता एका कागदाने परकी? अध्यक्ष म्हणतो, वहिनी, मी तरी काय करू! तो कधीच काही करत नाही, त्याचं नवल नाही.

तुझी कंपनी तुला सरकारदरबारी ये-जा करायचाच पगार देते ना? आई विचारायची, तेग्यू कंपनीत बनवतो तरी काय? मी सांगायचे, ओळखी बनवतो. आता त्यातली एक बहिणीच्या कामी लाव.

किमची पाठवली आहे. एकटीपुरती करताच येत नाही मेली.

लोभ मागत नाही, तो आहेच. उत्तर मागते.
तुझी ताई

•

सोल,
१५ मार्च १९९६

ती. ताईस,
तेग्यूचा शि. सा. न. वि. वि. पत्र आणि किमची दोन्ही पोचली. मुलगी आणि तिची आई अजून कॅनडातच आहेत, त्यामुळे मीच खातो, उभ्याउभ्या.

आता नीट वाच. मंत्र्याकडे जाऊ नकोस. मंत्री फोटो काढतो आणि विसरतो. मसुदा जो स्वतःच्या हाताने लिहितो त्याला गाठायचं. मंत्रालयाच्या मच्छीमारी शाखेत पेक नावाचे अधिकारी आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात, सकाळी नऊला जा. रडू नकोस, भांडू तर मुळीच नकोस. त्यांना जसंच्या तसं उतरवता येईल असं एकच वाक्य कागदावर ने.

आणि त्यात ‘विधवा’ लिहू नकोस. असा नवा शब्द आला की चार खात्यांच्या सह्या लागतात. ‘सभासद’च्या पुढे फक्त ‘वगैरे’ माग. आपल्या लिपीत एकच अक्षर, आणि एका अक्षराला कोणी अडवत नाही. त्या वगैरेत तुम्ही बाराजणी आरामात बसाल.

माझं नाव मात्र काढू नकोस. मी त्या आठवड्यात सोलमध्ये नाही, नाहीतर घरीच उतरली असतीस.

आशीर्वाद असावेत.
तुझा तेग्यू

•

गेतमाल,
९ एप्रिल १९९६

चि. तेग्यू यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि. वगैरे मिळालं!

बसस्टँडजवळच्या खानावळीच्या माडीवर उतरले. सोलचं सूप म्हणजे गरम पाणी. पेकसाहेबांनी कागद वाचला आणि म्हणाले, आजी, एवढंच? बावन्न वर्षांची बाई मी, आणि आजी! मी म्हटलं, साहेब, आजी तुमच्या घरी. मला एक अक्षर द्या. हसले, आणि माझ्यासमोर पेन्सिलने लिहिलं. उद्यापासून मसुदा वीस दिवस हरकतींसाठी लागेल, मग पक्का.

बाराजणींनी मला तांदळाची दारू पाजली. एवढीशी युक्ती तुझी, पण काय काम केलंन! शिकवल्याचं चीज झालं रे. तू तिथे असायला हवा होतास असं वाटलं, आणखी काही नाही.

माया आहे तशीच ठेव.
ताई

•

गेतमाल,
२२ एप्रिल १९९६

तेग्यू,
काल ओहोटीला चार पुरुष खाजणात खुणेचे खांब रोवत होते. पायात बूट. चिखलात बूट घालून कोण उतरतं? विचारलं, कुणाची माणसं तुम्ही? त्यांनी तुझ्या कंपनीचं नाव सांगितलं. सगळं खाजण घेऊन शिंपल्यांची शेती करणार म्हणे. मी म्हटलं, हे सभासदांचं आहे. त्यातला एक म्हणाला, सभासद वगैरेंचं, मावशी. त्या वगैरेत आम्ही आलो.

मी कमी शिकले, पण ऐकू नीट येतं. हो की नाही एवढंच लिही. मला पेककडे धाडलंस तेव्हा तुला हे माहीत होतं का?

मालसून

•

सोल,
२५ एप्रिल १९९६

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. हो.

कंपनीला ते अक्षर वर्षभर हवं होतं. आम्ही मागितलं असतं तर पेपरवाल्यांनी सोलून काढलं असतं. गावच्या बाईने मागितलं की कोणी वळून बघत नाही. आमच्याकडे याला काम नीट करणं म्हणतात. मला वाटलं, तुझंही होईल, माझंही होईल.

आता हरकत घेऊ नकोस. वगैरे गेलं तर तुम्हीही त्याच्याबरोबर जाल. तुम्हा बाराजणींना कंपनी रोजावर घेईल, तेवढं मी करून देतो.

आणखी एक. तू आलीस त्या दिवशी मी सोलमध्येच होतो. समोरच्या चहाच्या दुकानातून तुला मंत्रालयाच्या पायऱ्या चढताना पाहिलं. मध्येच थांबून तू गुडघा चोळलास. उठावंसं वाटलं होतं.

तेग्यू

•

गेतमाल,
३ मे १९९६

चि. तेग्यू यास,
आशीर्वाद. तुझं पत्र बाराजणींत मोठ्याने वाचलं. चहाच्या दुकानाचं तेवढं वाचलं नाही, ते माझ्यापुरतं ठेवलं.

तिघी म्हणाल्या, रोज तर रोज, पोट आहे. थोरली ह्वाबुन म्हणाली, मेल्यांनो, माझी सून आहे त्या चिखलात, उद्या तिनेही आपल्याच खाजणात परवानगी मागायची? नऊ हात वर झाले. मग मी सोलला गेले.

पेकसाहेबांना म्हटलं, वगैरे खोडा आणि विधवा लिहा. ते म्हणाले, हरकतीत शब्द काढता येतो, नवा घालता येत नाही. पुन्हा विचारलं, बाई, नक्की? या वेळी आजी म्हणाले नाहीत. मी म्हटलं, खोडा. हा शब्द तुम्हाला शिकवला कोणी, तेही विचारलं. म्हटलं, कोणी नाही. चौथी शिकलेली बाई, ऐकीव शब्द घेऊन आले.

परवा नियम पक्का झाला. तुझी माणसं खांब उपटून घेऊन गेली. खाजण गावाचं राहिलं, आमचं नाही. विधवांसाठी पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करीन, आणि तो माझ्या शब्दांत लिहीन.

आज ओहोटी दहाला होती. सभासदांच्या बायका दारावरून गेल्या. कोणी हाक मारली नाही, लाजल्या असतील. मी भांडी घासत होते. स्वच्छच होती.

पुढल्या महिन्यात आईचं श्राद्ध आहे. पाया पडायला पुरुष लागतो म्हणून बोलावत नाही. ये. मी तुझ्याशी बोलणार नाही, पण पानं दोन मांडीन.

लोभ किती उरलाय ते अजून पाहिलं नाही. असेल तो तुझाच.
ताई