हनुवटीवरचे सतरा केस

प्रिय बाबा,

माझ्या हनुवटीवर सतरा केस आलेत. रोज आरशात मोजतो. हसू नका. मी तुमची मुलगी नाही, मुलगा आहे, हेच सांगायला दोन वर्षांपूर्वी तुमच्या सलूनमध्ये आलो होतो. गिऱ्हाइकाच्या गालावरून वस्तरा न उचलता तुम्ही म्हणालात, "आत्ता गर्दी आहे."

तेव्हापासून मी रांगेतच होतो. आधी समुपदेशक बाईंचं पत्र, मग हॉर्मोनच्या डॉक्टरांची तारीख. त्यांनी इंजेक्शन लिहून दिलं, तर औषधवाला चिठ्ठी उलटसुलट करून म्हणाला, "मागवावं लागेल." तीन महिने त्याचं मागवणंच चाललं होतं. शेवटी ताईने दुसऱ्या गावातून शोधून आणलं, आणि सुई मला टोचली तरी ओरडली तीच.

आता आवाज फुटलाय. ताई म्हणते, फोनवर तू अगदी बाबांसारखा खेकसतोस.

परवा कोपऱ्यावरच्या सलूनवाल्याने आपणहून विचारलं, "दाढी करायची का?" मला इतका आनंद झाला की त्याला चहा पाजला, पण दाढीला नको म्हणालो. पहिली दाढी तुमच्या हातची हवी. म्हणून सतराच्या सतरा तसेच जपून ठेवलेत.

हे पत्र टाकत नाही. तुम्ही ते आरशामागे खोचाल आणि उघडणार नाही. त्यापेक्षा रविवारी शटर उघडायच्या आधीच येऊन पायरीवर बसतो. तेव्हा गर्दी नसते. आणि एकदा खुर्चीत बसलेल्या गिऱ्हाइकाला उठवायचं नाही, हा नियम तुमचाच आहे.

तुमचं रविवारचं पहिलं गिऱ्हाईक