पंपानंतरची चूळ

वडूज, १० जानेवारी २०२५

चि. दीपमालास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं फोन मी मुद्दाम उचलत न्हाई, रागवू नगंस. महिना झाला, तोंडात पांढरं धरलंय. जीभ, गालाच्या आत नुसती आग. बोलाय त्रास, म्हणून लिवतीय. भाकरी दुधात कुस्करून गिळती.

चाळीस वर्सं मिश्री लावली गं. थोरल्या मामीचं तोंड असंच न्हवतं का सुरू झालं? मग गेलीच ती. ह्यांना सांगितलं न्हाई. दम्याचा पंपबी परवापास्नं बंद केलाय. जायाचंच हाय तर दमा कशाला जपू? सुनंच्या, रेश्माच्या बाळाला जवळ घेत न्हाई, उगं लागायला नगं.

माझी इरकल तुला ठिवलीय. शेजारचा ऋषिराज सांगलीला निघालाय, त्याच्या हाती देती. माया असू दे.

तुझी अक्का, विजयमाला

सांगली, ११ जानेवारी

ती. अक्कास शिरसाष्टांग नमस्कार.

इरकल माझ्या धवलबरोबर परत पाठवलीय, कपाटात ठेव! पत्र वाचून तुझा असा राग आला म्हणून सांगू.

इथल्या डॉक्टरीणबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी पहिलं विचारलं, पंप घेतल्यावर अक्का चूळ भरतात का? अगं, तू तर तीर्थ घेतल्यासारखा हात डोक्यावरून फिरवतेस आणि घोटभर पाणीही पीत नाहीस, गुण धुऊन जाईल म्हणून! मी बघून हसायचे. चूक माझीही आहे गं.

ते औषध तोंडात राहिलं की बुरशी धरते म्हणे. तसंच असावं, पण मिश्रीमुळे तोंड नीट बघायलाच हवं म्हणाल्या. पंप मात्र आत्ताच सुरू कर. धवल गाडी घेऊन आलाय, वाचून झालं की चप्पल घाल. भावजींना मीच सांगितलंय, शिव्या मला दे.

लोभ नव्हे, तूच हवीस.

दीपे

वडूज, २ फेब्रुवारी

चि. दीपेस आशीर्वाद, आणि मागितल्यास तेवढ्या शिव्या.

बुरशीच व्हती! थेंब तोंडात घोळवून पंधरा दिसांत जीभ साफ झाली. बाईंनी परत बघितलं, दुसरं काय न्हाई म्हणाल्या. काल ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं, पण ते तिखटाचं न्हवतं.

आता पंप घेतला की हे मिल्ट्रीच्या पहाऱ्यागत तांब्या घेऊन हुभं. चूळ भरून थुकल्याबिगर हलत न्हाईत. मिश्रीचा डबा ह्यांनीच परड्यात पुरला. मी दोन दिस अबोला धरला, तर सून म्हणती, पुरताना मामंजी रडत व्हतं.

एक राहिलं. इरकल देत न्हाई जा. बाळाच्या उष्टावणाला मीच नेसणार हाय.

आता फोन कर, उचलती.

अक्का